पुरवठादार शिकला, तरच उद्योग शाश्वत

एखाद्या उद्योगाचा पर्यावरणावर पडणारा भार केवळ त्याच्या कारखान्यापुरता मर्यादित नसतो. कच्चा माल पिकविणारा शेतकरी आणि सुटे भाग घडविणारा लघुउद्योजक यांच्याकडे त्याचा मोठा वाटा असू शकतो. त्यामुळे पुरवठादारांना तंत्र, मोजमाप व प्रशिक्षण देणे हा शाश्वत उद्योगाचा पाया ठरतो.

अंधेरीतील चकाला येथे मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हरचे उदाहरण बोलके आहे. 'किसान' केचपच्या टोमॅटोसाठी कंपनीने २०१२च्या सुमारास महाराष्ट्र शासनासह सार्वजनिक-खासगी भागीदारीचा प्रकल्प हाती घेतला. त्यात बियाणे, सिंचन आणि खतांचा योग्य वापर यांविषयी मार्गदर्शनाबरोबरच खरेदीची हमीही होती. ही हमी महत्त्वाची, कारण नव्या पद्धतीतील जोखीम लहान शेतकऱ्याला एकट्याने पेलवत नाही.

कारखानदारीतही अशी परंपरा आहे. वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या महाराष्ट्रातील लहान कारखान्यांसाठी १९९९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 'युनिडो' या संस्थेने फियाट आणि सुटे भाग उत्पादकांची संघटना 'अॅक्मा' यांच्यासह प्रशिक्षणाचा उपक्रम सुरू केला. त्याचा रोख गुणवत्ता आणि उत्पादकतेवर होता. परंतु सदोष माल घटला की धातू आणि वीज यांचीही बचत होते.

आता नियमांनीही या विषयाची दखल घेतली आहे. 'सेबी'ने जुलै २०२३मध्ये मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांच्या अहवालात पुरवठादारांची माहिती आणण्याची चौकट आखली. मार्च २०२५मध्ये ती ऐच्छिक झाली आणि कंपनीच्या खरेदीत किंवा विक्रीत किमान २ टक्के वाटा असलेल्या भागीदारांपुरती मर्यादित करण्यात आली. साहजिकच औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात चालणारा छोटा कारखाना अनेकदा या चौकटीबाहेर राहील.

खरी कसोटी तेथेच आहे. कंपनीने केवळ प्रश्नावली धाडली आणि दर मात्र आवळून धरला, तर पुरवठादार रकाने भरून मोकळा होतो. उलट, मोजमापाची साधने, प्रशिक्षण आणि दीर्घ मुदतीची मागणी मिळाल्यास तो स्वतःहून बदल करतो. शिवाय, माल नेमका कोठे वाया जातो, हे यंत्रावर काम करणाऱ्या कामगारालाच अधिक ठाऊक असते. म्हणूनच ज्ञानाचा हा प्रवाह दोन्ही दिशांनी वाहिला पाहिजे.