बहुराष्ट्रीय कंपन्यांचे कायदेशीर स्थान : बारामती-इंदापूर

भारतीय कंपनी कायदा ‘बहुराष्ट्रीय कंपनी’ अशी कोणतीही व्यक्ती ओळखत नाही. २०१३ च्या अधिनियमातील ‘विदेशी कंपनी’ म्हणजे देशाबाहेर नोंदलेली, पण इथे व्यवसायाचे ठिकाण असलेली कंपनी. कारखाना काढणारे परकी समूह सहसा या व्याख्येत सापडतच नाहीत. ते भारतात वेगळी उपकंपनी नोंदवतात.

बारामतीच्या एमआयडीसीत ‘आपे’ रिक्षा आणि टेम्पो बनवणारी पियाजो व्हेइकल्स प्रायव्हेट लिमिटेड ही अशीच भारतीय कंपनी. आरंभी तिच्यात ग्रीव्हज भागीदार होती. आज संपूर्ण मालकी पोन्तेदेरा येथील इटालियन समूहाची आहे. बारामतीतच किंडर जॉय बनवणाऱ्या फेरेरोचे मूळ इटलीतील आल्बा गावात असले, तरी समूहाची सूत्रे लक्झेंबर्गमधून हलतात. श्रायबर डायनामिक्स डेअरीजमागे विस्कॉन्सिनची श्रायबर फूड्स आहे. शेजारच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर मात्र वालचंद हिराचंद यांच्या देशी भांडवलावर वसले. तरीही कायद्यापुढे वालचंदनगर इंडस्ट्रीज जितकी भारतीय, तितकीच पियाजो व्हेइकल्सही. फरक पब्लिक आणि प्रायव्हेट लिमिटेडचा, राष्ट्रीयत्वाचा नव्हे.

१९७३ च्या परकी चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, बहुतेक उद्योगांत परकी भांडवल ४० टक्क्यांवर रोखले होते. त्या काळात कोका-कोला आणि आयबीएम देश सोडून गेल्या. १९९१ च्या औद्योगिक धोरणाने आणि नंतर ‘फेरा’च्या जागी आलेल्या १९९९ च्या ‘फेमा’ने वाट मोकळी केली, बारामतीतली शंभर टक्के मालकी त्यानंतरची.

अशा उपकंपनीचा किमान एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा हवा. कामगारांचे तंटेही इथल्याच कायद्याने चालतात. मेख आहे ती मालक कंपनीच्या दायित्वात. इंग्लंडमधील सालोमन खटल्यापासून (१८९७) कंपनी आणि भागधारक या वेगळ्या व्यक्ती मानल्या जातात. म्हणून उपकंपनीचे देणे आपोआप मालकाच्या अंगावर येत नाही. भोपाळ वायुदुर्घटनेत हाच प्रश्न उभा राहिला. तिथला कारखाना चालवणाऱ्या युनियन कार्बाइड इंडियाचे निम्म्याहून थोडे अधिक भाग अमेरिकन कंपनीकडे होते. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने पीडितांचे दावे भारतात पाठवले आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मालकाची जबाबदारी कुठवर, याचा निकाल त्यामुळे लागलाच नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही उत्तर नाही : उद्योग आणि मानवाधिकार यांवरील संयुक्त राष्ट्रांची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक नाहीत. बंधनकारक करारासाठी २०१४ मध्ये मानवाधिकार परिषदेने कार्यगट नेमला. त्या कराराचे मसुदे अनेक झाले.