आल्बेमार्ल स्ट्रीटवरील शुक्रवारचा शिरस्ता

लंडनमधील पिकाडिली या गजबजलेल्या हमरस्त्यापासून उत्तरेकडे फुटणारा आल्बेमार्ल स्ट्रीट हा काही फार लांबरुंद रस्ता नव्हे. परंतु त्यावरील २१ क्रमांकाच्या इमारतीचा आणि विद्युत्शास्त्राचा संबंध इतका निकटचा आहे की, प्रवर्तनाच्या शोधापासून विद्युत्चुंबकीय तरंगांच्या स्वरूपनिश्चितीपर्यंतची पासष्ट-सहासष्ट वर्षे त्या एकाच वास्तूच्या इतिहासातून सांगता येतात. १७९९ च्या मार्च महिन्यात सर जोसेफ बँक्स यांच्या सोहो चौकातील घरी काही सधन गृहस्थ जमले, काउंट रम्फर्ड यांच्या पुढाकाराने त्यांनी ‘रॉयल इन्स्टिट्यूशन’ नावाची संस्था काढली, आणि पुढल्याच वर्षी तिला राजाची सनदही मिळाली. चुली आणि धुराडी सुधारण्यात आयुष्याचा बराच काळ वेचलेल्या रम्फर्ड यांचा हेतू उपयुक्त यंत्रांचा प्रसार करण्याचा होता. पण सनद मिळाली म्हणून तिजोरी भरते असे नाही. संस्था सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, आणि वर्गणी देणाऱ्यांना त्या मोबदल्यात काहीतरी पाहायला-ऐकायला हवे होते. १८०१ मध्ये आलेल्या हम्फ्री डेव्ही या तरुण रसायनज्ञाने ही नड भागवली. त्याच्या व्याख्यानांना लंडनच्या उमराव वर्गाची अशी झुंबड उडू लागली की, घोडागाड्यांच्या कोंडीमुळे आल्बेमार्ल स्ट्रीट हा त्या शहरातील पहिला एकेरी वाहतुकीचा रस्ता ठरला, असे सांगतात. संशोधनाचा खर्च व्याख्यानांतून भागवावा ही व्यवस्था मूळ पोटापाण्याचीच होती, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासकारांनी द्यावे तितके महत्त्व देऊन लिहिलेली नाही, असे मला वाटते.

याच व्याख्यानांच्या श्रोत्यांत १८१२ साली मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा येऊन बसला. पुस्तकबांधणीच्या दुकानात त्याने सात वर्षांची उमेदवारी केली होती, आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचून तो विज्ञानाच्या नादी लागला होता. दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने डेव्हीची चार व्याख्याने ऐकली, त्यांची सविस्तर टिपणे आकृत्यांसह उतरून काढली, स्वतःच्या हातांनी त्यांचा ग्रंथ बांधला आणि नोकरीच्या अर्जासोबत डेव्हीकडे पाठवून दिला. प्रयोगशाळेतील आधीचा मदतनीस मारामारीवरून बरखास्त झाला, तेव्हा १८१३ च्या मार्चमध्ये त्या जागी फॅरडे रुजू झाला. पगाराखेरीज माळ्यावरच्या दोन खोल्या, सरपण आणि मेणबत्त्या एवढी त्याची सोय ठरली. पुढली बरीचशी हयात त्याने त्याच छपराखाली काढली.

१८२५-२६ च्या सुमारास त्याने सभासदांसाठी शुक्रवार रात्रीच्या व्याख्यानांचा शिरस्ता घातला, आणि तो पुढे इतका दृढ झाला की त्याला जणू धर्मविधीचेच रूप आले. ठरलेल्या ठोक्याला वक्ता आत येतो, कसलेही संबोधन वा प्रास्ताविक न करता थेट विषयाला हात घालतो, आणि तास पुरा होताच थांबतो. फॅरडेने स्वतः अशी शंभराहून अधिक व्याख्याने दिली. त्यांतले मर्म एवढेच की, जे सांगायचे ते मेजावर करून दाखवायचे. गणिताचे शिक्षण न लाभलेल्या या माणसाला सूत्रांच्या आडोशाला जाण्याची सोयच नव्हती. आपल्या डोळ्यांना जे दिसले तेच समोरच्या व्यापाऱ्याला, वकिलाला आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिसले पाहिजे, ही जबाबदारी त्याने आपण होऊन पत्करली होती.

१८२० मध्ये कोपनहेगनच्या ओर्स्टेडने तारेतील विद्युत्प्रवाहाने चुंबकसूची विचलित होते हे दाखवले, तेव्हापासून उलट प्रश्न सर्वांच्या मनात घोळत होता: विजेपासून चुंबकत्व, तर चुंबकत्वापासून वीज का नाही? फॅरडेने १८२५ मध्येही हा प्रयत्न केला होता, आणि आपल्या रोजकीर्दीत निष्फळतेची नोंद करून ठेवली होती. त्याच वर्षी जिनिव्हाच्या कोलाडोनची गोष्ट तर हळहळ वाटावी अशी आहे. प्रबळ चुंबकाचा उपद्रव आपल्या मापकयंत्राला होऊ नये म्हणून त्याने ते यंत्र शेजारच्या खोलीत ठेवले, वेटोळ्यात चुंबक खुपसला, आणि सूची हलली की नाही ते पाहायला तो चालत गेला. पोहोचेपर्यंत सूची पूर्वस्थानी येऊन स्वस्थ झालेली असे. स्थिर कारणातून स्थिर कार्य उत्पन्न होईल अशी सर्वांचीच अपेक्षा होती आणि नेमकी तीच त्यांना आडवी येत होती.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी आल्बेमार्ल स्ट्रीटच्या तळघरातील प्रयोगशाळेत फॅरडेने एक कडे घेतले. मऊ लोखंडाचे, सहा इंच व्यासाचे, बोटभर जाडीहून थोडे अधिक. त्याच्या एका अंगाला त्याने तांब्याच्या तारेचे प्रत्येकी सुमारे चोवीस फुटांचे तीन तुकडे गुंडाळले, दुसऱ्या अंगाला एकूण साठेक फूट तार गुंडाळली. वेष्टित तारा विकत मिळण्याचे ते दिवस नव्हते. म्हणून वेढ्यावेढ्यांमध्ये सुतळी आणि थराथरांमध्ये कापडाच्या पट्ट्या घालून ते काम त्याने हातानेच सिद्धीस नेले. पुस्तकबांधणीत मुरलेले ते हात होते. दुसऱ्या वेटोळ्याची टोके तारेने लांबवून तीन फुटांवरील चुंबकसूचीवरून नेली आणि पहिले वेटोळे दहा जोड्यांच्या विद्युत्घटमालेला जोडले. जोडताक्षणीच सूची थरथरली, हेलकावली आणि मूळ जागी स्थिरावली. घटमाला जोडलेली असेपर्यंत ती तशीच राहिली. जोड तोडताक्षणीच पुन्हा हलली. प्रवाह वाहत असताना काही नाही, सुरू होताना आणि बंद होताना मात्र क्षणिक झटका. परिणाम चुंबकत्वाच्या असण्यातून उद्भवत नाही, त्याच्या पालटण्यातून उद्भवतो, हे विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचे सार त्या सूचीच्या दोन झटक्यांत आलेले आहे. अमेरिकेतील ऑल्बनी गावी जोसेफ हेन्री हा शिक्षकही स्वतंत्रपणे याच वाटेवर होता. परंतु प्रसिद्धीचा अग्रमान फॅरडेकडे गेला.

ऑक्टोबरच्या १७ तारखेला त्याने घटमालेलाही रजा दिली. साडेआठ इंची चुंबकदंड पोकळ वेटोळ्यात झटकन घातला की सूची एका बाजूला, बाहेर ओढला की दुसऱ्या बाजूला. २८ तारखेला वुलिच येथे रॉयल सोसायटीच्या प्रचंड चुंबकाच्या ध्रुवांमध्ये बारा इंच व्यासाची तांब्याची तबकडी फिरवून त्याने अखंड वाहणारा प्रवाह मिळवला, आणि २४ नोव्हेंबरला हे सर्व रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले. ती तबकडी म्हणजे जगातील पहिले विद्युज्जनित्र. १९१५ साली लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली, तेव्हा तेथील अजस्र जनित्रांतही तत्त्व तेच होते.

चुंबक आणि तार यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय घडते, हा प्रश्न मात्र फॅरडेला सोडीना. लोहकीस पसरलेल्या कागदावर उमटणाऱ्या वक्र रेषा त्याला नुसत्या आकृत्या वाटत नव्हत्या; चुंबकाभोवतीचे अवकाश खरोखरच बलरेषांनी व्यापलेले आहे अशी त्याची श्रद्धा होती. १२ मार्च १८३२ रोजी त्याने एक मोहोरबंद लखोटा रॉयल सोसायटीच्या दप्तरात ठेवला. तो उघडला गेला १९३७ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी. त्यातला मजकूर असा की, चुंबकीय परिणाम दूर पोहोचण्यास काळ लागत असावा, त्याचे पसरणे खळबळलेल्या पाण्याच्या पृष्ठभागावरील कंपनांसारखे किंवा हवेतील ध्वनीसारखे असावे, आणि विद्युत्प्रवर्तनालाही हीच कल्पना लागू पडावी. ज्याने उघड्या मेजावर सर्व काही दाखवण्याचा शिरस्ता पाडला त्यानेच आपली सर्वांत धाडसी कल्पना लाखेखाली बंद केली, यात विसंगती नाही. ती करून दाखवण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते, आणि न दाखवता सांगण्याची त्याला सवय नव्हती.

एकदाच त्याने ती शिस्त मोडली. ३ एप्रिल १८४६ च्या शुक्रवारी नियोजित वक्त्याच्या जागी तोच उभा राहिला. व्हीटस्टनच्या कालमापक यंत्राची माहिती सांगून झाल्यावर वेळ उरला, आणि त्या उरलेल्या वेळात त्याने बोलून टाकले की प्रकाश म्हणजे बलरेषांचेच कंपन असू शकेल आणि त्यासाठी ईथर नावाच्या माध्यमाची गरज नाही. भित्रा व्हीटस्टन ऐन वेळी जिन्यावरून पळाल्याने हा प्रसंग ओढवला, अशी आख्यायिका आहे. दप्तर चाळणाऱ्या अभ्यासकांना ती मान्य नाही. पण वक्त्याला व्याख्यानापूर्वी अर्धा तास कोंडून ठेवण्याची प्रथा मात्र त्या आख्यायिकेच्या आधारावर खुशाल चालू राहिली.

या कल्पनेला गणिताचा देह दिला जेम्स क्लार्क मॅक्सवेलने, आणि तोही या वास्तूला परका नव्हता. १७ मे १८६१ च्या शुक्रवारी त्याने तेथेच तीन मूळ रंगांवर व्याख्यान देऊन रंगीत छायाचित्राचा पहिला नमुना पडद्यावर दाखवला. त्याच उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील आपल्या घरी, संदर्भग्रंथांपासून दूर, त्याने समीकरणे मांडली. लंडनला परतल्यावर वेबर आणि कोलराउश यांच्या विद्युत्मापनाचे आकडे त्यांत घातले, तेव्हा विद्युत्चुंबकीय विक्षोभाचा वेग सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर निघाला. फिझोने १८४९ मध्ये मोजलेला प्रकाशाचा वेग सुमारे ३,१५,००० किलोमीटर होता. पालटणारे चुंबकीय क्षेत्र विद्युत्क्षेत्र निर्माण करते, हे प्रवर्तन झाले. पालटणारे विद्युत्क्षेत्रही चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, ही भर मॅक्सवेलची. एकाने दुसऱ्याला जन्म द्यावा आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्याला, अशी ही जोडी परस्परांशी आणि गतीच्या दिशेशी काटकोन राखून अवकाशातून पुढे सरकत राहते. प्रकाश हा त्या जोडीचा डोळ्यांना दिसणारा एक प्रकार. १८६७ मध्ये फॅरडे आणि १८७९ मध्ये मॅक्सवेल निवर्तले, तोवर हे तरंग कोणीही प्रयोगशाळेत निर्माण केले नव्हते.

ते कार्य जर्मनीतील कार्ल्सरूह येथे हाइन्रिख हर्ट्झने १८८७-८८ मध्ये केले: दोन गोळ्यांमधील ठिणगीतून तरंग उठवले, जस्ताच्या पत्र्यावरून ते परतवले, डांबराच्या लोलकातून वाकवले. १ जानेवारी १८९४ रोजी वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला, आणि १ जूनला ऑलिव्हर लॉजने आल्बेमार्ल स्ट्रीटवरच शुक्रवारच्या सभेत त्याच्या कार्यावर व्याख्यान दिले. ते छापून निघाले, आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसूंच्या हाती पडले.

बसू हे त्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे अध्यापक. हिंदी अध्यापकाला युरोपियनाहून कमी पगार देण्याच्या सरकारी नियमाविरुद्ध त्यांनी तीन वर्षे पगार घेतलाच नाही, आणि अखेर सरकारने मागील सर्व बाकी चुकती केली. हा माणूस कोणत्या धातूचा होता ते यावरून कळावे. एका लहानशा खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या स्थानिक कारागिराला हाताशी धरून त्यांनी जी उपकरणे घडवली, त्यांची खुबी त्यांच्या लहानपणात होती. हर्ट्झचे तरंग कित्येक फूट लांबीचे, त्यामुळे त्यांचे आरसे व लोलक माणसाच्या उंचीला येत. बसूंनी तरंगलांबी पाच मिलिमीटरपर्यंत खाली आणली, आणि सारी सामग्री एका पेटीत मावू लागली. गंधकाचा लोलक, ज्यूटच्या तंतूंची जुडी, आणि ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथिलाचा वर्ख घालून केलेला ध्रुवीकारक! मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत प्रवाशांना हैराण करणाऱ्या त्या जाड्या ग्रंथाचा याहून सदुपयोग कोणी केल्याचे ऐकिवात नाही. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये लेफ्टनंट गव्हर्नरसाहेबांच्या समक्ष त्यांनी भिंतींपलीकडे तरंग धाडून घंटा वाजवली आणि दारू उडवली. २९ जानेवारी १८९७ च्या शुक्रवारी, फॅरडेने जेथे बलरेषांच्या कंपनाचा नुसता तर्क बोलून दाखवला होता त्याच मेजामागे उभे राहून, बसूंनी विद्युत्किरणांचे ध्रुवीकरण प्रत्यक्ष दाखवले. ध्रुवीकरण आडव्या कंपनांचेच होते. तेव्हा या तरंगांचे स्वरूप प्रकाशासारखेच आहे, हे श्रोत्यांना डोळ्यांनी पाहता आले.

१० मे १९०१ रोजी त्यांना तेथे पुन्हा बोलायचे होते. व्याख्यानापूर्वी थोड्याच वेळात एका नामांकित तारायंत्र कंपनीचा कोट्यधीश मालक पेटंटाचे छापील फॉर्म घेऊनच त्यांच्याकडे येऊन थडकला, आणि आपले मौल्यवान शोध आज सभेत उघड करू नका म्हणून विनवू लागला. हे बसूंनी रवींद्रनाथांना पत्राने कळवले आहे. त्यांनी ती विनंती मानली नाही. पुढे सारा बुल या अमेरिकन स्नेही बाईंच्या आग्रहास्तव बसूंच्या तरंगग्राहकाचे पेटंट अमेरिकेत १९०४ मध्ये मंजूर झाले खरे, पण त्या हक्कावर त्यांनी कधी पैसा मिळवला नाही.