शब्दवेध : गार्गांतुआ

वाचनगटात फ्रेंच लेखक फ्रांस्वा राबले निघाला की पहिली काही पानं मंडळी एकमेकांची नजर चुकवतात. मग कुणीतरी फिस्सकन हसतं आणि चर्चेला तोंड फुटतं. इतका चावटपणा, मलमूत्राच्या इतक्या गप्पा, आणि लेखक कोण? तर ल्योंच्या रुग्णालयातला डॉक्टर, त्याआधीचा मठवासी!

त्याच्या कादंबरीचा महाकाय नायक गार्गांतुआ आईच्या डाव्या कानातून जन्मतो आणि ट्यांहां करण्याऐवजी थेट प्यायलाच मागतो. बाप त्याच्या घशाचा आकार पाहून थक्क होतो. बापाच्या तोंडून निघालेल्या उद्गारावरून हे नाव पडलं, असं राबले सांगतो. ही व्युत्पत्ती अर्थातच थट्टेतली. नाव राबलेच्या आधीच, १५३२ साली ल्योंला छापलेल्या एका बाजारू चोपडीत आलेलं होतं. मुळाशी दिसतो तो 'गार्गांता', म्हणजे घसा. स्पॅनिशमध्ये हाच शब्द, गोव्यावर राज्य केलेल्या पोर्तुगिजांच्या भाषेतही हाच. चर्चच्या छपरावरचं पाणी तोंडातून ओकणारी दगडी 'गार्गॉयल'ही याच गोतावळ्यातली. घशातल्या गुळगुळ आवाजाची ही शब्दसंतती. आपलं 'गटागट' तरी दुसरं काय आहे?

या बाळाच्या दुधासाठी गाई लागल्या १७,९१३. अठरा हजार म्हणून भागलं असतं, पण शेवटचे ते तेरा म्हणजे अस्सल राबले.

पुढे इंग्रजीत 'गार्गँच्युअन' म्हणजे नुसतं अवाढव्य झालं. मराठीत 'अगडबंब' त्याच्या जवळ जातं खरं, पण त्यात घसा नाही.