'बर्न' या शब्दाची कुळकथा

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरी 'जळणं' हा शब्द कुणी सहज उच्चारत नसे. रात्रीच्या विजेत एखादी फेज गेली आणि मोटर उरलेल्या दोन फेजांवर गुरगुरत राहिली, की वाइंडिंग जळायचं. मग विहिरीवरची मोटर काढा, बैलगाडीत घाला, रिवाइंडिंगवाल्याकडे नंबर लावा. तोवर कपाशीने माना टाकलेल्या असायच्या. १९९०च्या दशकाच्या मध्यात मी धुळ्याला इंजिनिअरिंग शिकत होतो. सुटीत ओट्यावर बसून मित्राला सांगत होतो, "प्रोग्रॅम बर्न झाला, आता फक्त बोर्डावर बसवायचा." त्याला उमजेना, म्हणून मराठीत म्हणालो, "अरे, चिपमध्ये जाळला." ते ऐकून वडील लगबगीने बाहेर आले. "काय जयनं रे?"

काही जळालेलं नाही, प्रोग्रॅम चिपमध्ये भरला एवढंच, हे त्यांना पटलं. पण काहीच जळत नाही तर 'बर्न' कशाला म्हणता, या त्यांच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे मायक्रोकंट्रोलर शिकवायला लागलो आणि दर वर्षी नवी मुलं तोच शब्द बोलताना ऐकली. "सर, हेक्स बर्न होत नाही." "बर्नर कुणाकडे आहे?" जळगाव असो, शिरपूर असो की धुळे, प्रयोगशाळेत हीच भाषा चालते. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक गोष्ट पक्की कळली. मायक्रोकंट्रोलरसाठी कोणती साधनं निवडावीत, हा आज मुलांना छळणारा प्रश्नही याच शब्दाच्या पोटात आहे.

शब्दाचं मूळ एका क्षेपणास्त्रात आहे. १९५६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या 'अमेरिकन बॉश आर्मा' या कंपनीत वेन त्सिंग चाव हे चीनमध्ये जन्मलेले अभियंते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या संगणकावर काम करत होते. लक्ष्याचे आकडे यंत्रात कायमचे, सुरक्षित, आणि तरीही कारखान्यातून बाहेर पडल्यावर भरता येतील असे ठेवायचे होते. चाव यांनी डायोडांची जाळी केली आणि नको त्या जागच्या डायोडची केसासारखी तार जादा करंट सोडून जाळून टाकली. जळालेली जागा आणि शाबूत जागा मिळून माहिती तयार झाली. म्हणजे आमच्या वडिलांचा अर्थच मुळात बरोबर होता. तिथे खरोखर तार जळत होती, आणि जळलेली तार परत जोडता येत नव्हती. एक आकडा चुकला की जाळी वाया गेली.

ही 'एकदाच संधी' मोडली १९७१ साली. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन बिघडलेल्या चिपांची कारणं शोधत होते. गेटचा सांधा तुटलेला असतानाही तिथे चार्ज टिकतो, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या दोषातूनच त्यांनी ईप्रॉम ही पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी घडवली. पहिल्या १७०२ या चिपमध्ये २०४८ बिट मावायचे, म्हणजे अवघे २५६ बाइट. आता तार जळत नव्हती. जास्त व्होल्टेजने इलेक्ट्रॉन एका बंदिस्त गेटवर ढकलले जायचे आणि अतिनील प्रकाश दाखवला की ते निघून जायचे. शब्द मात्र 'बर्न'च राहिला.

आमच्या प्रयोगशाळेतला इरेझर मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. पत्र्याचा डबा, आत जांभळट ट्यूब, खाली सरकणारा ट्रे, वर किल्लीचा टायमर. २७६४ ईप्रॉमच्या पाठीवर क्वार्ट्झची काचेसारखी खिडकी असायची, आतला करडा तुकडा त्यातून दिसायचा. ट्रेमध्ये चिपा मांडायच्या, वीस मिनिटांचा टायमर द्यायचा आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं. पुसून झालं की चिप बर्नरच्या सॉकेटात बसवायची, बाजूची दांडी खाली दाबायची, नवा प्रोग्रॅम भरायचा. मग चिप काढून ८०३१च्या बोर्डावर न्यायची. त्या मायक्रोकंट्रोलरच्या पोटात स्वतःची रॉम नव्हती, म्हणून ईप्रॉम शेजारी बसवावी लागे. एवढं करून एलईडी लुकलुकला नाही, तर एक ओळ दुरुस्त करायची आणि पुन्हा वीस मिनिटं. खिडकीवर कागदी पट्टी चिकटवणं सक्तीचं होतं, कारण थेट उन्हात आठवडाभरात चिप पुसली जाते असं डेटाशीटमध्येच छापलेलं असे. खानदेशातल्या खिडकीत मे महिन्यात काहीही उघडं ठेवू नये, हे आम्हाला सांगावं लागत नव्हतं.

वीस मिनिटांच्या त्या चक्राने आमच्या पिढीला एक सवय लावली. आम्ही कागदावर प्रोग्रॅम दहा वेळा वाचायचो. त्या आधीच्यांचे हाल आणखी होते. ८०८५च्या किटवर रमेश गावकरांच्या पुस्तकाच्या आधाराने सूचनांचे आकडे शोधायचे आणि हेक्स कीपॅडवरून एकेक टाइप करायचे. दुसरीकडे इंटेलची एम्युलेटर असलेली डेव्हलपमेंट सिस्टिम होती, तिची किंमत हजारो डॉलर. ती कुणाला घरी नेता येणार होती? म्हणजे साधनाची निवड अशी नव्हतीच. जे कपाटात होतं तेच साधन.

इंटेलचा ८०५१ आला १९८० साली. ४ केबी रॉम, १२८ बाइट रॅम, चाळीस पिना. त्याच्यासाठी पहिल्यापासून लिहिलेला सी कंपायलर जर्मनीच्या काइल कंपनीने १९८८ मध्ये काढला. आपल्याकडे सगळे त्याला 'कील' म्हणतात. त्यातून निघते ती हेक्स फाइल, बर्नरचं अन्न. ती नोटपॅडमध्ये उघडून पाहावी असं मी प्रत्येक वर्गाला सांगतो. प्रत्येक ओळ कोलनने सुरू होते. मग बाइटांची संख्या, पत्ता, प्रकार, मजकूर आणि शेवटी तपासणीचा आकडा. अखेरची ओळ नेहमी तीच असते: कोलन, सात शून्यं, एक आणि दोन एफ. ही मांडणीही इंटेलचीच, आणि आजचे बर्नरही ती वाचतात. एका मुलाने मला विचारलं होतं, "सर, एवढंच जातं आत?" एवढंच जातं.

खरा बदल झाला तो पुसण्याच्या वेळात. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडलेल्या मेमरीचा मजकूर एका झटक्यात पुसला जाई. कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण होऊन शोजी आरिइझुमी या सहकाऱ्याने तिला 'फ्लॅश' हे नाव सुचवलं. त्याच वर्षी जॉर्ज पर्लेगोस यांनी अ‍ॅटमेल काढली. इंटेलमध्ये असताना विजेने पुसता येणारी २८१६ ही चिप त्यांच्या हातून झाली होती. १९९३ मध्ये अ‍ॅटमेलने ८०५१च्या पोटात फ्लॅश घातली. ती ८९सी५१ आमच्याकडे पोहोचली आणि पत्र्याचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. पुढच्या ८९एस५२मध्ये तर चिप बोर्डावरून काढायचीही गरज उरली नाही, चार-पाच तारा जोडल्या की काम झालं. हजार वेळा लिहा, हजार वेळा पुसा. जळगावहून चारशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चिप आणणाऱ्या पोराला या हजाराची किंमत विचारा.

फ्लॅश हा शब्द मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतून गल्लोगल्ली गेला. तिथे आज 'फ्लॅश मारून दे' म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र 'बर्न' टिकून राहिला, आणि एकटा नाही. एव्हीआर या मायक्रोकंट्रोलरमधल्या घड्याळासारख्या मूळ जोडण्या ठरवणाऱ्या बिटांना अजून 'फ्यूज' म्हणतात, जणू चाव यांची तार तिथे अजून आहे. हा फ्यूजही जळत नाही, पण घाबरवतो जळाल्यासारखाच. मुलं चुकून बाहेरच्या घड्याळाचा फ्यूज निवडतात, चिप बोलायची थांबते आणि ती मेली म्हणून कचऱ्यात जाते. तशी चिप मी डब्यातून उचलतो, घड्याळाच्या पिनेवर बाहेरून ठोके देतो, आणि ती परत बोलते. आर्डुइनोच्या मेन्यूतही रोजच्या कामाला 'अपलोड' म्हटलं आहे, पण एका ओळीत 'बर्न बूटलोडर' हे शब्द जपलेले आहेत. २००५ साली इटलीतल्या इव्रेआमध्ये जन्मलेल्या या बोर्डाची खुबी त्याच ओळीत आहे. चिपमध्ये आधीच एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो, तो यूएसबीवरून पुढचे प्रोग्रॅम स्वतःच आत घेतो. या बोर्डाच्या रोजच्या कामाला बर्नर हे वेगळं यंत्रच उरलं नाही.

म्हणजे तार, अतिनील दिवा, फ्लॅश, बूटलोडर या साऱ्या वंशावळीत एकच गोष्ट बदलत आली: चूक दुरुस्त करायला किती वेळ आणि किती पैसा लागतो. साधन निवडताना मी पहिली कसोटी हीच लावतो. चिपची वैशिष्ट्यं नंतर बघा. आधी बघा, चूक झाल्यावर ती दिसते का आणि दहा सेकंदांत बदलता येते का. मग चिप आणि साधनाची जोडी बघा. नॉर्वेच्या आल्फ-एगिल बोगन आणि वेगार्ड वोलन यांनी एव्हीआर आखला तेव्हा स्वीडनच्या आयएआर या कंपायलरवाल्यांचा सल्ला घेतला होता. चिप आणि साधन एकमेकांना बघून वाढले, म्हणून तिथे सी भाषा सहज बसते.

दुसरी कसोटी परवान्याची. कीलची फुकट आवृत्ती ८०५१साठी २ केबीवर थांबते. एलसीडीवर चार संदेश आणि एक कीपॅड घातला की प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री ही भिंत समोर येते, आणि मग कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून चोरटी आवृत्ती येते. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. चोरीच्या साधनावर शिकलेल्या मुलाला स्वतःची वस्तू विकायला काढायची झाली, की त्याच्या हातात काही राहत नाही. संदीप दत्ता यांनी सुरू केलेला एसडीसीसी हा ८०५१चा कंपायलर मोफत आहे. एव्हीआर आणि एआरएम चिपांसाठी जीसीसी हा तसाच मोफत कंपायलर आहे. त्यांना २ केबीची भिंत नाही, आणि जुन्या लॅपटॉपवरही ते चालतात. कीलचं डीबगर सुंदर आहे, ते कॉलेजात जरूर शिकवावं. पण मुलाने घरी नेण्याचं साधन मोफतच असावं.

तिसरी कसोटी शेताची. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश'मधून मोबाइलवरून मोटर चालू-बंद करण्याची सोय केली, तेव्हापासून आपल्या भागातले किती तरी विद्यार्थी स्टार्टरचेच प्रोजेक्ट करतात. रावेर-यावलच्या केळीला ठिबक, रात्रीची वीज आणि जळणारी मोटर हे प्रश्न त्यांच्या घरचे आहेत. फेज गेली की मोटरची वीज तोडणारा असा बोर्ड प्रयोगशाळेतून निघून विहिरीवरच्या पेटीत जातो. तिथे चूक सापडली तर? चिप सोल्डर केलेली, तारा काढायला जागा नाही, आणि बदल करायला पेटीच उचलून गावी आणायची. मग आपण पुन्हा व्हरांड्यातल्या वीस मिनिटांवर आलो, उलट त्याहून मागे.

म्हणून बोर्डाचं लेआउट काढणाऱ्या प्रत्येक पोराला आणि पोरीला माझी एकच विनंती आहे. कंपायलर कोणताही घ्या, चिप कोणतीही घ्या, पण एव्हीआर वापरत असाल तर बर्नरच्या सहा पिनांची जागा बोर्डाच्या कडेला सोडा, आणि त्यांच्या बाजूला कोणती पिन कशाची ते छापा.