अश्वमुखाभूषणे, महापाषाणयुगीन
विदर्भातील शिळावर्तुळांच्या दफनांत सापडलेली, घोड्याच्या तोंडावर बसवण्याची तांब्याची आभूषणे. काळ इ. स. पू. पहिले सहस्रक.

नागपूरच्या वायव्येस काटोल मार्गालगत असलेले माहूरझरी हे यांचे प्रमुख स्थळ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली १९७०–७२ मध्ये येथे उत्खनन झाले. त्यापूर्वी १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक यांनी नागपूरजवळच्याच जुनापाणी येथील शिळावर्तुळांविषयीचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता.

तांब्याचा पातळ पत्रा ठोकून घोड्याच्या चेहऱ्याच्या मापाने ही आभूषणे घडवली जात. जोडणीसाठी लोखंडी खिळे वापरलेले आढळतात. सोबत लोखंडी लगाम, घोड्याची हाडे आणि मृताच्या कट्यारी व कुऱ्हाडीही मिळतात. हाडांवरील कापल्याच्या खुणांवरून अंत्यविधीत घोड्याचा बळी दिला जात असावा, असे अभ्यासक मानतात.

याच सहस्रकात ग्रीक पायदळातील सैनिक काशाच्या पत्र्याची, चेहरा झाकणारी कॉरिंथीय शिरस्त्राणे वापरत. तेथील कारागिरांनी माणसाचे मस्तक राखले. विदर्भातील तांबटांनी घोड्याचे मुख सजवले. मात्र पत्रा पातळ असल्याने ही आभूषणे युद्धातील संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेची व विधीची निदर्शक दिसतात.

नायकुंड येथील लोखंड गाळण्याच्या भट्टीसह हे अवशेष प्राचीन वैदर्भीय धातुविद्येचा बहुमोल पुरावा आहेत. वाढत्या नागपूरभोवतीची शिळावर्तुळे जपणे म्हणूनच निकडीचे आहे.