संगणकावरील कॅल्क्युलेटर : कळफलकावरून हिशेब आणि स्मृतीचा वापर

पेडणे तालुक्यात उन्हाळा हा काजूचा हंगाम. बागायतदाराने आणलेल्या बिया तोलायच्या, प्रतीनुसार दर लावायचा आणि रक्कम तेथल्या तेथे चुकती करायची, हा खरेदीचा रिवाज. अशा हिशेबासाठी विंडोज संगणकातील कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. मात्र त्याची एक रीत ठाऊक नसल्यास बिल चुकते.

समजा, १२ किलो बिया १५० रुपये दराने आणि ८ किलो १४० रुपये दराने घेतल्या. एकूण रक्कम २,९२० रुपये. परंतु ‘स्टँडर्ड’ प्रकारात हे आकडे सलग भरल्यास उत्तर २,५३,१२० येते. कारण हा प्रकार गुणाकाराला अग्रक्रम देत नाही. क्रिया ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने करतो. ‘सायंटिफिक’ प्रकार गुणाकार आधी करतो. आल्ट आणि १ या कळांनी स्टँडर्ड, तर आल्ट आणि २ यांनी सायंटिफिक प्रकार उघडतो.

स्टँडर्ड प्रकारातच काम करायचे असल्यास स्मृतीचा आधार घ्यावा :

१. कंट्रोल आणि एल : जुनी स्मृती पुसणे.
२. १२ गुणिले १५०, मग एंटर. उत्तर १,८००. कंट्रोल आणि पी दाबताच ते स्मृतीत जमा होते.
३. ८ गुणिले १४०, मग एंटर. उत्तर १,१२०. पुन्हा कंट्रोल आणि पी.
४. कंट्रोल आणि आर : एकूण २,९२० पडद्यावर.

एंटर न दाबता कंट्रोल-पी दाबल्यास गुणाकाराऐवजी पडद्यावरचा शेवटचा आकडा, म्हणजे केवळ दर, जमा होतो. नेमकी येथेच गफलत होते.

स्मृतीतून रक्कम वजा करण्यासाठी कंट्रोल आणि क्यू, तर पडद्यावरील आकडा स्मृतीत नव्याने ठेवण्यासाठी कंट्रोल आणि एम. पाच टक्के कपात करायची असल्यास २,९२० पडद्यावर असताना वजा, ५, टक्के चिन्ह आणि एंटर या कळा क्रमाने दाबाव्यात, उत्तर २,७७४.

चुकलेला एक अंक बॅकस्पेसने, शेवटची नोंद डिलीटने, तर चालू हिशेब एस्केपने पुसला जातो. यांपैकी कोणत्याही कळेने स्मृती पुसली जात नाही. म्हणून पुढील गिऱ्हाइकाचा हिशेब मांडण्यापूर्वी कंट्रोल-एल विसरू नये. कंट्रोल आणि एच या कळांनी आधीच्या आकडेमोडीची यादी दिसते व बिल पडताळता येते. कॅल्क्युलेटर बंद केल्यावर स्मृतीतील बेरीज उरत नाही. तत्पूर्वी ती वहीत उतरवून घ्यावी.