पिवळं कार्ड, केशरी कार्ड आणि महिन्याच्या गोळ्या

आजचा एपिसोड एका फोनमुळे करतोय. अहमदपूरहून चुलतभाऊ विचारत होता, "अरे, काकांच्या गोळ्या कार्डात बसतात का?" काकांना स्किझोफ्रेनिया आहे, वीसेक वर्षं झाली. मी म्हटलं, बघून सांगतो. बघायला बसलो आणि थेट निजामापर्यंत पोचलो.

राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार. नागपूर १८६४, रत्नागिरी १८८६, ठाणे १९०१ आणि येरवडा. चारही इंग्रजांच्या मुलखात. नांदेड, लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानात. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण ही चार रुग्णालयं होती तिथेच राहिली. म्हणजे लातूरच्या माणसाला येरवडा गाठायचं तर तीनशेच्या वर किलोमीटर.

आता कार्ड. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात नांदेड होतं, लातूर नव्हतं! अहमदपूर या दोन शहरांच्या साधारण मध्यावर, पण जिल्हा लातूर, म्हणून नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबा. पिवळ्या-केशरी रेशनकार्डवर तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख, ९७१ उपचार. पुढे २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं.

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून मला या योजनेचा सांगाडा लगेच दिसला. सगळं पॅकेजवर चालतं. पेशंट भरती झाला, उपचार झाले, डिस्चार्ज, क्लेम बंद. अँजिओप्लास्टीला हे चपखल बसतं. काकांचा आजार बंदच होत नाही, त्याचं काय करायचं?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं. ऑगस्ट २०१८ ला विमा नियामकाने कंपन्यांना तसं कळवलं. पुढच्याच महिन्यात आलेल्या आयुष्मान भारतच्या यादीत मानसिक आजारांची पॅकेजेस होती, आणि २०२० ला ती योजना आपल्याकडे फुले योजनेला जोडली गेली. कागदावर मोठीच मजल. पण ओपीडी बाहेरच राहिली. भरती झालात तर डिस्चार्जनंतर थोड्या दिवसांची औषधं, पुढे तुमचं तुम्ही.

आणि हा आजार सांभाळला जातो तो ओपीडीतच. गोळी चुकली की माणूस परत बिघडू शकतो, मग भरती. तेव्हा मात्र कार्ड चालतं. मला हे उफराटं वाटतं.

ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत झाली, ते चांगलंच झालं. तिथे कार्डही लागत नाही. पण सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, आणि गोळी शिल्लक नसली की चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलला जावं लागतं.

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बिघडल्याशिवाय कार्ड चालत नाही?" मी हो म्हटलं. त्याने विचारलं, सरकारी ओपीडी कोणत्या वारी असते ते तरी बघून ठेव.